विकरांची मोट

भाकरीचा घास बराच वेळ चघळला की तो गोडसर लागू लागतो. चिरलेले सफरचंद उघडे राहिले की काही मिनिटांत काळवंडते. मांस शिजवण्यापूर्वी त्याला कच्च्या पपईचा गर चोळला की ते लवकर मऊ होते. या तिन्ही घटनांमागे विकरे, म्हणजेच एन्झाइम या नावाने ओळखली जाणारी प्रथिने असतात. सजीवांच्या पेशींमध्ये क्षणोक्षणी घडणाऱ्या असंख्य रासायनिक क्रिया विकरांमुळेच शक्य होतात. विकर हे उत्प्रेरक असल्याने क्रियेत ते स्वतः खर्ची पडत नाही. एका रेणूवरचे काम संपले की ते पुढच्या रेणूकडे वळते.

गेल्या शतकभरात मानवाने या नैसर्गिक कामगारांना कारखान्यात आणले. प्रतिजैविके, मक्यापासूनची साखर, चीज, धुण्याची पावडर, कापड आणि कातडी या सर्व उद्योगांत आज विकरे वापरली जातात. त्यांना प्रखर उष्णता किंवा जहाल रसायने लागत नाहीत. साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या आसपास ती काम करतात आणि नेमका हवा तोच रासायनिक बंध तोडतात किंवा जोडतात. त्यामुळे नको असलेली उपउत्पादने कमी होतात आणि सांडपाण्याचा भारही हलका होतो.

मात्र उद्योजकाच्या दृष्टीने विकरांमध्ये एक मोठी उणीव आहे. बहुतेक विकरे पाण्यात विरघळतात. चहात विरघळलेली साखर जशी चमच्याने परत काढता येत नाही, तसे क्रिया संपल्यावर विकर वेगळे काढणे अवघड असते. स्वतः खर्ची न पडणारा हा महागडा उत्प्रेरक मग एकदाच वापरून सांडपाण्यात जातो, किंवा औषधात अशुद्धी म्हणून राहतो. शिवाय तापमान, आम्लता किंवा द्रावक थोडे प्रतिकूल झाले, तरी त्याची नाजूक त्रिमितीय घडी विस्कटते आणि ते निकामी होते. विकर न विरघळणाऱ्या घन स्वरूपात आणून पुन्हापुन्हा वापरण्याजोगे करणे, या प्रक्रियेला स्थिरीकरण म्हणतात. स्थिरीकरणाच्या अनेक पद्धतींपैकी विकरांचेच एकमेकांशी बंध जुळवून त्यांचे टिकाऊ पुंजके बनवणे ही तुलनेने नवी आणि साधनांच्या दृष्टीने अतिशय साधी पद्धत आहे. एखादी स्वच्छ प्रक्रिया प्रयोगशाळेतच राहणार की कारखान्यात जाणार, हे अनेकदा विकराच्या खर्चावर ठरते. या पद्धतीचे महत्त्व त्यातच आहे.

जुनी कल्पना, नवा उद्योग

जर्मन शास्त्रज्ञ एडुआर्ड बुख्नर यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले, की किण्वनासाठी जिवंत यीस्ट पेशी आवश्यक नसते. पेशी फोडून काढलेला रसही साखरेचे मद्य करू शकतो. या कार्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि विकर हे प्रथिन असल्याचा पुरावा दिला. त्यांनाही पुढे १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दरम्यान, १९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन या दोन अमेरिकी संशोधकांना एक वेगळीच गोष्ट आढळली होती. उसाच्या साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज हे विकर कोळशाच्या भुकटीला चिकटून बसले, तरी त्याची कार्यक्षमता कायम राहत होती. घनपदार्थाला जखडलेले विकरही काम करते, याचा हा पहिला पुरावा मानला जातो. या निरीक्षणाचा औद्योगिक उपयोग होण्यास मात्र अर्धशतक जावे लागले. जपानमधील तानाबे सेइयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अमिनोअ‍ॅसायलेज हे विकर एका राळेसारख्या पदार्थावर बसवून अमिनो आम्लांचे सलग उत्पादन सुरू केले. मोकळे विकर वापरण्याच्या आधीच्या पद्धतीपेक्षा उत्पादन खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. स्थिर केलेल्या विकराचा उद्योगातील हा पहिला वापर होय.

वाहकाचे ओझे

स्थिरीकरणाच्या प्रचलित पद्धतींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात विकर एखाद्या घन कणावर चिकटवतात किंवा रासायनिक बंधाने जोडतात. दुसऱ्यात ते जेलीसारख्या जाळीत किंवा सूक्ष्म कुपीत कोंडतात. तिसऱ्यात बाहेरचा आधार न घेता विकराचे रेणूच परस्परांशी जोडतात. पहिल्या दोन प्रकारांत लागणाऱ्या आधाराला वाहक म्हणतात. सिलिका, कृत्रिम राळ, सेल्युलोज, समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट अशी अनेक द्रव्ये वाहक म्हणून वापरली जातात.

वाहकामुळे कण मजबूत होतो, नळकांड्यात भरता येतो आणि सहज गाळता येतो. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. वाहकासह तयार झालेल्या कणाच्या वजनात ९० ते ९९ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ वाहकाचा असू शकतो. म्हणजे १०० किलो माल टाकीत टाकला, तर त्यातील प्रत्यक्ष काम करणारे विकर १ ते १० किलोच असते; उरलेला बोजा फक्त जागा अडवतो. दर्जेदार वाहक स्वस्तही नसतात. शिवाय वाहकाला जोडताना विकराची बरीचशी क्षमता वाया जाऊ शकते. मग वाहकाशिवायच विकर घन का करू नये, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

स्फटिकांचा मार्ग

या प्रश्नाचे पहिले उल्लेखनीय उत्तर १९६४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातून आले. फ्लोरान्ते कियोचो आणि फ्रेडरिक रिचर्ड्‌स यांनी कार्बोक्सिपेप्टिडेज-ए या विकराचे स्फटिक ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने आतून बांधून टाकले. हे स्फटिक पाण्यात विरघळले नाहीत आणि त्यांतील विकर कार्यक्षम राहिले. मूळ हेतू क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी स्फटिक टिकाऊ करण्याचा होता. उत्प्रेरक म्हणून त्यांचा व्यापारी विकास १९९० च्या दशकात झाला. उष्णता आणि सेंद्रिय द्रावके यांना हे स्फटिक चांगलेच दाद देईनासे झाले.

तथापि, प्रथिनाचा स्फटिक मिळवणे हे चिकाटीचे काम आहे. त्यासाठी विकर अत्यंत शुद्ध लागते आणि योग्य परिस्थिती शोधण्यात बराच काळ जाऊ शकतो. औषधाच्या एखाद्या मौल्यवान घटकासाठी हा खर्च परवडेलही. पण फळांचा रस निवळ करणे किंवा सांडपाणी शुद्ध करणे अशा कामांसाठी तो आवाक्याबाहेरचा ठरतो.

साका आणि आडबंध

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात प्राध्यापक रॉजर शेल्डन यांच्या गटाने स्फटिकाऐवजी साध्या साक्यावर लक्ष केंद्रित केले. लिन्चिउ काओ, फ्रेड व्हान रान्टवेक आणि शेल्डन यांचा यासंबंधीचा शोधनिबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. या पुंजक्यांना क्रॉस-लिंक्ड एन्झाइम अ‍ॅग्रिगेट्स असे नाव देण्यात आले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून क्लिआ ही संज्ञा रूढ झाली. शेल्डन हे हरित रसायनशास्त्रातील मोठे नाव आहे. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा निर्माण होतो, हे मोजणारा ई-घटक त्यांनीच १९९२ मध्ये मांडला. औषध उद्योगात हा आकडा २५ ते १०० आणि क्वचित त्याहूनही अधिक असतो, हे त्यांनी निदर्शनास आणले होते.

क्लिआ तयार करण्याची कृती दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात विकराच्या द्रावणातून साका पाडतात. त्यासाठी अमोनियम सल्फेटसारखा क्षार किंवा अ‍ॅसिटोन, इथेनॉल, तृतीयक ब्युटेनॉल यांसारखे द्रावक मिसळतात. अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांना खत म्हणून परिचित असलेलेच रसायन आहे. द्रावणात त्याचे प्रमाण वाढले, की ते पाण्याचे रेणू स्वतःभोवती गोळा करते. विकराभोवतीचे पाण्याचे आवरण त्यामुळे विरळ होते आणि विकराचे रेणू एकमेकांना बिलगून खाली बसू लागतात.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अंडे उकडल्यावर पांढरा बलकही घट्ट होतो, पण त्या वेळी प्रथिनाची घडी उलगडून कायमची बिघडते; उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. क्षाराने नीट पाडलेल्या साक्यात प्रथिनाची घडी शाबूत राहते. पुरेसे पाणी घातले की साका पुन्हा विरघळतो आणि विकर पूर्ववत कामाला लागते. प्रथिनांच्या शुद्धीकरणासाठी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरात आहे.

दुसऱ्या टप्प्यात हा साका कायमचा बांधायचा असतो. त्यासाठी बहुधा ग्लुटराल्डिहाइडच वापरतात. या रेणूला पाच कार्बन अणूंची साखळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड गट असतात. विकराच्या पृष्ठभागावर लायसिन या अमिनो आम्लाचे अमिनो गट बाहेर डोकावत असतात. ग्लुटराल्डिहाइडचे एक टोक एका विकराच्या अमिनो गटाला आणि दुसरे टोक शेजारच्या विकराच्या अमिनो गटाला पकडते. असे असंख्य आडबंध जुळले, की सबंध पुंजका एकसंध होतो. आता क्षार धुऊन टाकला आणि पाणी ओतले, तरी तो विरघळत नाही.

प्रथिनांचे धागे परस्परांत बांधून टिकाऊ करण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिनने कातडे कमावतात, तेव्हा कातड्यातील प्रथिने अशीच बांधली जातात आणि कातडे कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने कमावले जात आले आहे. चर्मोद्योगात ग्लुटराल्डिहाइडही कमावण्यासाठी वापरतात. फरक इतकाच, की कातडे टिकाऊ झाले म्हणजे पुरते; विकर मात्र टिकाऊ होऊन शिवाय काम करत राहिले पाहिजे.

या पद्धतीचा मोठा लाभ म्हणजे विकर आधी पूर्ण शुद्ध करावे लागत नाही. साका पाडताना पुष्कळशी अशुद्धी द्रावणातच मागे राहते. त्यामुळे अंशतः शुद्धीकरण आणि स्थिरीकरण ही दोन्ही कामे एकाच भांड्यात उरकतात. स्फटिक बनवण्याचा खटाटोप नाही, वाहकाचा खर्च नाही आणि तयार पुंजक्याचे जवळपास सर्व वजन प्रथिनाचेच.

नेमके प्रमाण

कृती साधी असली, तरी प्रत्येक विकराचा स्वभाव निराळा असतो. एका विकराला अमोनियम सल्फेट मानवते, तर दुसऱ्याला तृतीयक ब्युटेनॉल. म्हणून निरनिराळ्या द्रव्यांनी साका पाडून, तो पुन्हा विरघळवून, किती क्षमता शिल्लक राहिली हे आधी मोजतात. त्यानंतर आडबंधांचे प्रमाण ठरवावे लागते. ग्लुटराल्डिहाइड कमी पडले, तर पुंजका सैल राहून विकर पाण्यात झिरपत राहते. ते अधिक झाले, तर विकर इतके आवळले जाते, की काम करताना त्याला लागणारी लवचिकताच उरत नाही. खाटेची सुंभे सैल असली तर झोळ पडतो आणि फार ताणली तर तुटतात, तसाच हा प्रकार आहे.

काही विकरांच्या बाबतीत ग्लुटराल्डिहाइडच घातक ठरते. त्याचा रेणू लहान असल्याने तो विकराच्या क्रियाशील खाचेत शिरतो आणि तेथील महत्त्वाच्या अमिनो आम्लाशी संयोग पावून विकर निकामी करतो. नायट्रिलेज या गटातील विकरांत हा अनुभव आला. त्यावर उपाय म्हणून डेल्फ्टच्या गटाने २००४ मध्ये डेक्सट्रान या मोठ्या शर्करा-बहुवारिकाला अल्डिहाइड गट जोडून त्याचा वापर केला. हा रेणू आकाराने मोठा असल्यामुळे त्या खाचेत शिरूच शकत नाही. तो बाहेरूनच विकरे बांधतो.

काही विकरांच्या पृष्ठभागावर लायसिन इतके कमी असते, की आडबंधांना पकडायला जागाच मिळत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी २००६ मध्ये अशा वेळी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे स्वस्त आणि लायसिनने समृद्ध प्रथिन सोबत मिसळण्याची युक्ती मांडली. अल्ब्युमिन स्वतः क्रिया घडवत नाही, परंतु भिंतीतील चुन्याप्रमाणे विटांना धरून ठेवते. विकराचे द्रावण फारच विरळ असेल, तेव्हाही ही युक्ती उपयोगी पडते.

पेनिसिलिनची कसोटी

क्लिआचा पहिला प्रयोग पेनिसिलिन अ‍ॅसायलेज या विकरावर झाला, हा योगायोग नव्हे. अ‍ॅम्पिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही घरोघरी परिचित असलेली प्रतिजैविके थेट बुरशीपासून मिळत नाहीत. बुरशी पेनिसिलिन-जी तयार करते. त्याची एक बाजूची साखळी तोडली, की सिक्स-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल हा गाभा उरतो. औषध उद्योगात त्याला सिक्स-एपीए म्हणतात. या गाभ्याला नवी साखळी जोडून ही प्रतिजैविके बनवतात.

जुन्या रासायनिक पद्धतीत ही साखळी तोडण्यासाठी उणे ४० अंश सेल्सियस तापमान, फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायमिथिल अ‍ॅनिलिन आणि डायक्लोरोमिथेनसारखी द्रावके लागत. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज हेच काम पाण्यात, सुमारे ३७ अंशांवर करते. मात्र महागडे विकर एकाच वापरानंतर वाया गेले असते, तर ही स्वच्छ पद्धत कधीच परवडली नसती. स्थिर केलेले विकर पुन्हापुन्हा वापरता आले, म्हणूनच ती जुन्या पद्धतीची जागा घेऊ शकली.

पुढची पायरी अधिक अवघड आहे. गाभ्याला नवी साखळी जोडण्यासाठीही हेच विकर वापरता येते. पण विकर दोन्ही दिशांनी काम करते. एकीकडे ते अ‍ॅम्पिसिलिन जोडते आणि दुसरीकडे तयार अ‍ॅम्पिसिलिन व साखळी पुरवणारा कच्चा माल यांचे पाण्याच्या साहाय्याने विघटनही करते. जोडणी आणि विघटन यांचे गुणोत्तर जितके अनुकूल, तितकी प्रक्रिया किफायतशीर. डेल्फ्टच्या प्रयोगांत क्लिआने या कामात बांधलेल्या स्फटिकांच्या तोडीची कामगिरी केली आणि पाण्याबरोबरच अनेक सेंद्रिय द्रावकांतही ते कार्यक्षम राहिले. स्फटिकांसाठी लागणारा खर्चिक खटाटोप मात्र येथे नव्हता.

भारताच्या दृष्टीने हा विषय निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. हा कारखाना आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पेनिसिलिन अ‍ॅसायलेजचे उत्पादन आणि वापर यांवर काम केले. पुढे मात्र स्वस्त चिनी आयातीपुढे देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडत गेले. करोनाच्या साथीत या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली. केंद्र सरकारने २०२० मध्ये औषधांच्या मूळ घटकांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली, तेव्हा तिच्या यादीत पेनिसिलिन-जीला स्थान मिळाले. आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे या योजनेखालील पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. बुरशीपासून पेनिसिलिन मिळवल्यानंतरचा पुढचा टप्पा विकराचाच असतो. तेव्हा टिकाऊ विकर देशात आणि वाजवी खर्चात बनवता येणे, हा औषधाच्या स्वावलंबनाचाही भाग ठरतो.

अनेक विकरांची एकच मोट

क्लिआचा सर्वांत आकर्षक उपयोग एकाहून अधिक विकरे एकत्र बांधण्यात आहे. निरनिराळ्या विकरांचा साका एकाच भांड्यात पाडून त्यांना आडबंधांनी जोडले, की संयुक्त क्लिआ तयार होतो. त्यात एका विकराने तयार केलेला पदार्थ शेजारच्याच विकराच्या हाती पडतो. मधला पदार्थ वेगळा काढण्याची, साठवण्याची किंवा त्याच्या विघटनाची चिंता राहत नाही. डेल्फ्टच्या गटाने २००६ मध्ये हायड्रॉक्सिनायट्रिल लायेज आणि नायट्रिलेज ही दोन विकरे एकत्र बांधून बेंझाल्डिहाइडपासून मँडेलिक आम्ल मिळवले. या आम्लाच्या रेणूचे डावे आणि उजवे असे दोन आरशातील प्रतिबिंबासारखे प्रकार असतात. त्यांपैकी हवा तो एकच प्रकार या पद्धतीने मिळाला.

महाराष्ट्रातील एक उदाहरणही येथे नोंदवण्याजोगे आहे. कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधकांनी स्टार्चचे विघटन करणाऱ्या तीन विकरांचा संयुक्त क्लिआ तयार केला. त्यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब आणि फांद्या असलेली साखळी. अल्फा अमायलेज ती मधूनमधून तोडते, ग्लुकोअमायलेज टोकापासून ग्लुकोज सुटे करत जाते आणि पुल्युलानेज फांद्यांचे सांधे तोडते. ही तिन्ही विकरे अमोनियम सल्फेटने एकत्र पाडून ग्लुटराल्डिहाइडने बांधली. एकाच भांड्यात केलेल्या क्रियेत संयुक्त क्लिआने स्टार्चचे १०० टक्के रूपांतर केले. तीन वेगवेगळ्या क्लिआंच्या मिश्रणाने ६० टक्के, तर मोकळ्या विकरांच्या मिश्रणाने ४० टक्के रूपांतर झाले. क्रियेसाठी सर्वांत अनुकूल तापमान ६५ अंशांवरून ७५ अंशांवर गेले आणि पाच वेळा वापरूनही कार्यक्षमता टिकून राहिली. तीन कारागीर तीन गावांत बसवण्याऐवजी एकाच ओसरीवर बसवले, तर कामाचा वेग कसा वाढतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

पर्यावरणाच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले आहेत. कॅनडा आणि बेल्जियममधील संशोधकांनी २००७ मध्ये बुरशीपासून मिळणाऱ्या लॅकेज या विकराचे क्लिआ बनवून पाण्यातील बिस्फेनॉल-ए आणि तत्सम द्रव्ये नष्ट करण्यासाठी वापरले. ही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात आणि अत्यल्प प्रमाणातही चिंतेची ठरतात.

मर्यादा

क्लिआ हा सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. त्याचे कण बहुधा ५ ते ५० मायक्रोमीटर आकाराचे असतात. कण फार बारीक असले, तर गाळणी तुंबते. ते मोठे असले, तर कणाच्या पोटातील विकरांपर्यंत कच्चा माल पोहोचत नाही आणि तेथील विकरे रिकामीच बसून राहतात. स्टार्चसारख्या मोठ्या रेणूंच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. साका कसा पाडला, किती ढवळला आणि किती आडबंध जुळवले, यांवर कणाचा आकार अवलंबून असतो. प्रयोगशाळेतील चंबूत साधलेला आकार हजार लिटरच्या टाकीत तसाच साधेल, याची खात्री नसते.

दुसरी अडचण मजबुतीची. वाहक नसल्याने क्लिआ तुलनेने मऊ असतो. उंच नळकांड्यात भरला तर तो दाबाने चेपतो आणि प्रवाह अडतो. जोरात ढवळल्यास त्याचे कण तुटतात. यावर एक उपाय म्हणजे साका पाडताना लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय सूक्ष्मकण मिसळणे. मग क्रिया संपल्यावर टाकीबाहेर चुंबक लावून सारे कण एका बाजूस ओढून घेता येतात आणि गाळण्याची गरजच उरत नाही. कोल्हापूरच्या याच महाविद्यालयातून अल्फा अमायलेजचे असे चुंबकीय क्लिआ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अर्थात, अशा कणांत काही प्रमाणात वाहक पुन्हा आलाच.

तिसरी बाब ग्लुटराल्डिहाइडची. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन त्वचा, डोळे आणि श्वसनमार्ग यांना अपायकारक आहे. ते हाताळताना कामगारांची काळजी घ्यावी लागते, आणि अन्नासाठी वापरायचे पुंजके नीट धुऊन त्यात या रसायनाचा अंश उरला नाही, याची तपासणी करावी लागते. म्हणूनच अधिक निर्धोक पर्यायांचा शोध सुरू आहे.

दाव्यांची पारख

स्थिरीकरणाविषयीच्या बातम्यांत आणि शोधनिबंधांत आकर्षक टक्केवारी नेहमीच आढळते. ती वाचताना थोडे अंकगणित उपयोगी पडते. समजा, एखादा क्लिआ प्रत्येक वापरानंतर आधीच्या ९५ टक्के क्षमता राखतो. ऐकायला हे उत्तम वाटते. पण दहा वापरांनंतर त्याची क्षमता सुमारे ६० टक्क्यांवर येते आणि पन्नास वापरांनंतर ८ टक्क्यांहूनही कमी उरते. हेच प्रमाण ९९ टक्के असेल, तर पन्नास वापरांनंतरही सुमारे ६० टक्के क्षमता शिल्लक राहते. एका वापरातील चार टक्क्यांचा हा फरक कारखान्याचे गणित पार बदलून टाकतो. पाच-दहा वापरांपर्यंतची चाचणी म्हणूनच आश्वासक असली, तरी पुरेशी नव्हे.

विकर खरोखरच पुंजक्यात आहे की थोडे थोडे झिरपून पाण्यात काम करत आहे, हेही पाहावे लागते. त्याची कसोटी सोपी आहे. क्रिया अर्धवट असताना घनकण गाळून काढायचे आणि उरलेल्या द्रवात क्रिया पुढे सरकते का, हे पाहायचे. ती सरकत राहिली, तर विकर निसटते आहे हे उघड होते. तिसरा प्रश्न म्हणजे एक किलो विकरामागे एकूण किती किलो उत्पादन मिळाले. वाहक, रसायने, मजुरी आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया धरून उत्पादनाच्या दर किलोमागे विकराचा खर्च किती पडतो, हाच अखेर निर्णायक आकडा असतो. स्वस्तात बनवता येणारे विकर एकदाच वापरून टाकणे परवडत असेल, तर स्थिरीकरणाचा घाट घालण्याचे कारणही नसते.

वाहकावर बसवलेली विकरे आजही उद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात, आणि त्यांच्या मजबुतीमुळे ती पुढेही राहतील. क्लिआचे बलस्थान वेगळे आहे. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. साका पाडणे, बांधणे, धुणे आणि गाळणे एवढ्याच क्रिया येतात. साधी प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयालाही त्यावर जागतिक दर्जाचे काम करता येते, हे कोल्हापूरने दाखवले आहे. आपल्याकडे साखर, स्टार्च, फळप्रक्रिया, चर्मोद्योग आणि औषधनिर्मिती हे सारे उद्योग आहेत, आणि या प्रत्येकाच्या सांडपाण्याचा प्रश्नही आहे. मोकळ्या विकरासह जी स्वच्छ प्रक्रिया आज परवडत नाही, ती विकर पन्नास वेळा वापरता आल्यावर परवडू शकते. प्रयोगशाळेतील पाच वापर आणि कारखान्यातील पन्नास वापर यांमधले अंतर कापणे, हेच या क्षेत्रातील संशोधकांपुढचे खरे काम आहे.